गराजचे दार ऐकेनासे होते तेव्हा

आपल्याकडच्या जुन्या घरांना कडी असे, कोयंडा असे आणि अडसर असे. दार अडले तर कशाने अडले हे डोळ्यांना दिसे. पावसाळ्यात लाकूड फुगले, बिजागरी गंजली, कडी वाकली, यापलीकडे कारण नसे. सुतार यायचा, रंधा मारायचा आणि जाताना चहा पिऊन जायचा.

इथे अमेरिकेत आपल्या घरांचे खरे महाद्वार म्हणजे गराजचे दार. पुढच्या दाराला दिवाळीत तोरण लागते हे खरे, पण रोजची वर्दळ, दुधाचे गॅलन, तांदळाची पोती, मुलांची दप्तरे आणि भारतातून आलेल्या आईवडिलांच्या बॅगा हे सारे गराजच्याच वाटेने घरात शिरते. आणि या दाराला कडी नाही. मोटारीत बसल्या बसल्या बटण दाबायचे आणि अलीबाबाच्या गुहेसारखे दार आपोआप वर जायचे. एखाद्या जानेवारीच्या रात्री मात्र मंत्र म्हणूनही गुहा ढिम्म हलत नाही. मग बटण दहा वेळा दाबून होते, रिमोट तळहातावर आपटून होतो आणि शेवटी दुकानात फोन जातो. कारागीर येतो, वर बघतो आणि बहुधा एकच निदान करतो : 'यंत्र जुने झाले, नवे बसवा.' काही शे डॉलर जातात. दार चालू होते, आणि कित्येकदा महिन्याभराने पुन्हा रुसते, कारण दोष यंत्रात नव्हताच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार.

रेडिओलहरींवर चालणाऱ्या या रिमोटचा दोष डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो सापडत नाही, असा आपला समज असतो. आमचे म्हणणे उलट आहे. दोष दिसत नसला तरी तो कोठे नाही हे एकेक करून ठरवता येते, आणि उरलेल्या जागी तो सापडतोच. त्यासाठी इंजिनियर असण्याची गरज नाही. लागतो एक नवा सेल, एक शिडी आणि अर्धा तास धीर.

साखळीच्या चार कड्या

बटण दाबल्यापासून दार उघडेपर्यंत चार कड्या असतात. पहिली कडी हातातला रिमोट, म्हणजे चिमुकले रेडिओ स्टेशनच. दुसरी कडी मधली हवा. तिसरी कडी मोटारीच्या डब्यातला रिसीव्हर, म्हणजे दाराचे कान. चौथी कडी दार स्वतः : मोटार, स्प्रिंग, रूळ आणि सुरक्षेची साधने.

आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर वाजतो. गराजचे रिमोट त्याच्या बरेच वर, बहुधा ३१५ किंवा ३९० मेगाहर्ट्झवर बोलतात. युरोपात आणि भारतात मिळणाऱ्या बऱ्याच उपकरणांत ४३३.९२ मेगाहर्ट्झ वापरतात. म्हणून पुण्याच्या बंगल्याच्या फाटकाचा रिमोट येथे आणून येथल्या दाराला 'शिकवू' पाहणारे निराश होतात. एक मराठीत बोलतो आणि दुसऱ्याचे कान तमिळला लावलेले, अशातला तो भाग असतो.

या चिमुकल्या स्टेशनची शक्ती मिलिवॅटच्या अंशाइतकी असते. कायद्यानेच ती इतकी कमी ठेवली आहे. म्हणजे दाराशी आपण जे बोलतो ते कुजबुजीच्या आवाजात बोलतो. कुजबूज ऐकू न येण्याची कारणे तीनच : बोलणाऱ्याचा घसा बसला, ऐकणाऱ्याचे कान बंद झाले, किंवा मध्ये कोणी गोंगाट करते आहे. चौथे कारण, म्हणजे ऐकणाऱ्याने ऐकले पण त्याला उठता येत नाही, हे दाराचे. यांतले कोणते, एवढेच ठरवायचे आहे.

आधी भिंतीवरचे बटण

सर्वांत पहिली चाचणी फुकट आहे. गराजच्या आत भिंतीवर जे बटण असते ते दाबावे. ते तारेने जोडलेले असते (काही नव्या यंत्रांत हे बटणही बिनतारी असते, ते आपल्या घरी तसे नाही ना हे आधी पाहावे). तारेच्या बटणाचा हवेशी आणि रिमोटशी काही संबंध नसतो. या बटणानेही दार हलले नाही, तर रेडिओचा विचार सोडून द्यावा. दोष चौथ्या कडीत, तारेत किंवा विजेच्या पुरवठ्यात आहे.

या बटणाने दार उत्तम चालते, पण घरातला एकही रिमोट चालत नाही, असे असेल तर त्या भिंतीवरच्या पट्टीकडे नीट पाहावे. पुष्कळ यंत्रांत तेथे कुलपाचे चित्र असलेले किंवा 'लॉक' लिहिलेले एक छोटे बटण असते. गावाला जाताना सगळे रिमोट बंद करून ठेवण्याची ती सोय. पुसताना, मुलांच्या खेळात किंवा पाहुण्यांनी दिवा समजून ते दाबले, की सगळे रिमोट एका क्षणात मुके होतात. बहुतेक पट्ट्यांवरचा बारीक दिवा तेव्हा लुकलुकत असतो. ते बटण काही सेकंद दाबून धरले की कुलूप निघते. एवढ्यासाठी कारागिराला भेटीचे पैसे दिलेली घरे आमच्या माहितीत एकाहून अधिक आहेत.

तिसरे लक्षण फार फसवे आहे : रिमोटने दार उघडते, पण मिटत नाही. थोडे खाली येते आणि परत वर जाते, किंवा हलतच नाही आणि वरचा दिवा लुकलुकतो. हा रेडिओचा दोष नव्हे. ज्या लहरीने 'उघड' ऐकू आले तीच 'मीट' ऐकवते. १ जानेवारी १९९३ नंतर बनलेल्या घरगुती यंत्रांना, दाराखाली मूल सापडू नये म्हणून, अडथळा ओळखण्याची सोय असलीच पाहिजे असा अमेरिकेचा कायदा आहे. बहुतेक ठिकाणी ती म्हणजे दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेले दोन 'डोळे'. एकाकडून निघालेला किरण दुसऱ्याला दिसला नाही तर दार मिटणार नाही. कोळिष्टक, वाळलेले पान, झाडूचा दांडा, सायकलच्या चाकाचा धक्का लागून वळलेला डोळा, किंवा संध्याकाळचे तिरके ऊन यांपैकी काहीही पुरते. दोन्ही डोळ्यांचे बारीक दिवे स्थिर जळत आहेत ना ते पाहावे, काच मऊ फडक्याने पुसावी, वळलेला डोळा सरळ करावा. दार रोज संध्याकाळी पाचच्या सुमारालाच हटून बसत असेल, तर संशय सूर्यावर घ्यावा. डोळे अडलेले असताना भिंतीवरचे बटण शेवटपर्यंत दाबून धरले तर बहुतेक दारे मिटतात, पण तोपर्यंत दाराखाली कोणी नाही याकडे आपणच डोळ्यात तेल घालून पाहायचे.

एक रिमोट की सगळे?

दार निर्दोष ठरले की दुसरा प्रश्न. बहुतेक घरांत दोन मोटारी आणि दोन रिमोट असतात, शिवाय दाराबाहेर आकड्यांची पट्टी असते. एकच रिमोट बंद पडला आणि बाकीचे चालतात, तर हवा आणि रिसीव्हर दोन्ही निर्दोष सुटले. दोष त्या एका रिमोटात आहे. सगळेच एकदम बंद पडले तर रिमोट निर्दोष, कारण तीन घसे एकाच रात्री बसत नाहीत. या एका प्रश्नाने निम्मे घर तपासून होते.

दोषी रिमोटात पहिला संशयित सेल. नव्या रिमोटात बहुधा ३ व्होल्टचा नाण्यासारखा चपटा सेल असतो, जुन्यांत १२ व्होल्टचा बुटका किंवा ९ व्होल्टचा चौकोनी. बटण दाबल्यावर रिमोटवरचा बारीक दिवा लागतो म्हणून सेल चांगला, हा निष्कर्ष घाईचा आहे. दिव्याला पुरणारी शक्ती लहर पाठवायला पुरेलच असे नाही. मीटरने मोजले तरी फसगत होते, कारण नुसता मोजताना ३ व्होल्ट दाखवणारा थकलेला सेल काम पडताच मान टाकतो. आणि हिवाळ्यात हे अधिक. थंडीने सेलची आतली विद्युत-रोधशक्ती वाढते. शिकागोला किंवा मिनेसोटात रात्रभर मोटारीत गारठलेला रिमोट सकाळी मुका असतो आणि तोच कोटाच्या खिशात अर्धा तास ऊब घेऊन बोलू लागतो. असे झाले तर ती सेल बदलण्याची सूचना समजावी. नवा सेल घालताना अधिक-उणे पाहावे, पितळी पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि सेलवर लावलेली पारदर्शक चकती काढायला विसरू नये.

नव्या सेलनेही भागले नाही तर बटण तपासावे. वर्षानुवर्षे एकाच जागी अंगठा पडून बटणाखालचा संपर्क झिजतो, किंवा रिमोट पडून आतला टाका सुटतो. बटण जोराने किंवा तिरके दाबले तरच चालते, हे त्याचे लक्षण.

टीव्हीचा रिमोट चालतो की नाही हे फोनच्या कॅमेऱ्यातून पाहावे, ही युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. टीव्हीचे बहुतेक रिमोट अवरक्त प्रकाशाने बोलतात आणि तो प्रकाश पुष्कळ कॅमेऱ्यांना दिसतो. गराजचा रिमोट रेडिओलहरीने बोलतो. त्यात कॅमेऱ्याला काही दिसणार नाही, आणि दिसले नाही म्हणून तो मेला असे नव्हे.

गुहेचा बदलता मंत्र

सेल नवा, बटण चांगले, तरीही दार ऐकत नाही. मग प्रश्न येतो तो शब्दाचा, म्हणजे संकेताचा. जुन्या रिमोटात बारीक खटक्यांची रांग असे. आठ खटके म्हणजे २५६ संकेत, दहा खटके म्हणजे १,०२४. रिमोटातले खटके आणि रिसीव्हरमधले खटके एकसारखे लागले तरच दार उघडे. असा रिमोट अजून कोणाकडे असेल, तर सेल बदलताना एखादा खटका सरकला नाही ना, ते पाहावे.

पुढे चोरांनी हा ठरलेला संकेत हवेतून टिपून परत वाजवायची विद्या शिकून घेतली, म्हणून १९९० च्या दशकापासून बदलता संकेत आला. रिमोट आणि रिसीव्हर दोघेही मनातल्या मनात मोजत असतात आणि प्रत्येक वेळी नवा शब्द वापरतात. कालचा शब्द आज चालत नाही. ही सोय उत्तम, पण तिचा एक परिणाम ठाऊक असावा. घरापासून दूर, नातवंडाच्या हातात रिमोट खेळणे म्हणून गेला आणि बटण शेकडो वेळा दाबले गेले, तर रिमोटची मोजणी पुढे जाते आणि दाराची मागे राहते. थोडा फरक रिसीव्हर समजून घेतो. फार पडला तर नाही. अशा वेळी दाराजवळ उभे राहून बटण लागोपाठ दोनदा-तीनदा दाबले की पुष्कळ यंत्रे आपली मोजणी जुळवून घेतात. नाही जुळली तर रिमोट नव्याने शिकवावा लागतो. मोटारीच्या डब्यावर त्यासाठी 'लर्न' बटण असते. ते एकदा दाबून सोडायचे आणि अर्ध्या मिनिटाच्या आत रिमोटचे बटण दाबायचे, अशी बहुतेकांची रीत. तेच बटण पाच-सहा सेकंद दाबून धरले तर मात्र पुष्कळ यंत्रांत सगळ्या रिमोटांची स्मृती पुसली जाते. आपल्या यंत्राची पुस्तिका आधी वाचावी.

ही पुसण्याची सोय संकटाइतकीच उपयोगी आहे. कोणी राहिलेले घर विकत घेतले, किंवा रिमोट हरवला, चोरीला गेला, तर त्याच दिवशी सगळी स्मृती पुसून आपलेच रिमोट नव्याने शिकवावेत. पुढच्या दाराचे कुलूप बदलणारे पुष्कळ असतात. गराजची आठवण फार थोड्यांना होते.

पावलांनी मोजलेले निदान

सर्वांत त्रासदायक तक्रार म्हणजे 'कधी चालते, कधी चालत नाही' किंवा 'पूर्वी रस्त्यावरून चालायचे, आता दाराला नाक लावावे लागते'. येथे उत्तम उपकरण म्हणजे आपली पावले. नवा सेल घातलेला रिमोट घेऊन मोटारीच्या डब्याखाली, हातभर अंतरावर उभे राहावे. तेथेही दार ऐकत नसेल तर दोष संकेतात किंवा रिसीव्हरमध्ये आहे. तेथे ऐकते पण पंधरा-वीस पावलांवर ऐकत नाही, तर कुजबूज पोचत नाही किंवा गोंगाट वाढला आहे. किती पावलांपर्यंत चालते ते कागदावर लिहून ठेवावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा मोजावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणतीने गुण आला हे कळत नाही आणि सगळे श्रम वाया जातात.

आधी एरियल पाहावे. डब्यातून एक बारीक तार लोंबत असते. ती उगाच लोंबत नाही. तिची लांबी बहुधा लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याला जुळवलेली असते. ३१५ मेगाहर्ट्झला हा चौथा हिस्सा सुमारे २४ सेंटिमीटर, ३९० ला सुमारे १९. नीटनेटकेपणाच्या हौसेने ही तार कापलेली, गुंडाळलेली किंवा लोखंडी रुळाला चिकटपट्टीने बांधलेली आढळते. ती मोकळी, सरळ खाली सोडावी. मग मोटारीचा विचार. काही मोटारींच्या पुढच्या काचेवर उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर असतो आणि तो लहरही परतवतो. खिडकी उघडून, हात बाहेर काढून चालले तर काच दोषी. दाराला आतून चकचकीत पत्र्यासारखे ऊबदार अस्तर नव्याने लावले असेल, तर तेही लहरीच्या आड येते.

यानंतर येतो अलीकडचा सर्वांत मोठा अपराधी, आणि तो डब्यातच बसलेला असतो : विजेचा बल्ब. जुन्या तारेच्या बल्बच्या जागी आपण एलईडीचे बल्ब लावले. वीज वाचली, चांगले झाले. पण एलईडीच्या बुडात वीज बदलून देणारे छोटे मंडळ असते आणि ते सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करते. ते स्वस्तात बनवले असेल तर त्यातून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, आणि तोही रिसीव्हरच्या कानाशी, वीतभर अंतरावर. याचे लक्षण असे : बंद दार रिमोटने झटकन उघडते, कारण तेव्हा दिवा विझलेला असतो. उघडल्यावर दिवा लागतो आणि पुढची चार-पाच मिनिटे मिटण्याचा हुकूम ऐकू येत नाही. दिवा विझला की दार पुन्हा शहाणे होते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात हेच झाले. सकाळी कामाला निघताना दार मिटत नसे, म्हणून रोज कोणीतरी उतरून भिंतीवरचे बटण दाबून पुढच्या दाराने बाहेर येई. हिवाळ्यात भारतातून आलेले सत्तरीचे वडील हे काम आपणहून करू लागले आणि एकदा बर्फावरून घसरता घसरता वाचले. दोन कारागिरांनी नवे यंत्र घ्यायला सांगितले होते. शेवटी बल्ब काढून पाहिले, तर दार रस्त्यावरून ऐकू लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बल्ब काढून पाहायला काही पडत नाही. गुण आला तर गोंगाट न करणारे, गराजच्या यंत्रासाठीच बनवलेले एलईडी बल्ब मिळतात, ते लावावेत.

बल्ब नसेल तर घरातले दुसरे काही असेल : चार्जर, सुरक्षेचा कॅमेरा, गराजमधला फ्रीज. एकेक वस्तू काढत बसू नये. विजेच्या पेटीतले निम्मे खटके बंद करावेत (गराजच्या यंत्राचा सोडून) आणि पावले मोजावीत. फरक पडला तर अपराधी त्या निम्म्यात. नाही तर दुसऱ्या निम्म्यात. मग त्याचेही निम्मे करावे. सोळा खटक्यांतून एक शोधायला अशा चार फेऱ्या पुरतात. यंत्राला स्वतःची बॅटरी असेल तर घराची सगळी वीज बंद करूनही पाहता येते. बॅटरीवर चालणारी वस्तू मात्र या चाळणीतून निसटते हे लक्षात ठेवावे. त्याची गोष्ट पुढे येते आहे.

हवा सर्वांची आहे

आपल्या घरातले सगळे निर्दोष ठरले, तरी दार ऐकत नाही. शेजाऱ्याला विचारले तर त्याचेही तेच. मग दोष दुसऱ्या कडीत, हवेत आहे.

२००४ साली फ्लोरिडातल्या एग्लिन या हवाई दलाच्या तळाच्या आसपास असेच झाले. सैन्याने नवी बिनतारी यंत्रणा तपासायला घेतली आणि भोवतालच्या वस्त्यांतली गराजची दारे हटून बसली. सैन्याचा पट्टा ३८० मेगाहर्ट्झपासून ४०० च्या जवळपर्यंतचा, आणि ३९० वरचे रिमोट त्याच पट्ट्याच्या मधोमध कुजबुजत होते. २००६ च्या अखेरीस कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे शायेन पर्वतावरच्या हवाई दलाच्या लहरीने तोच प्रकार घडवला. लोक चिडले. पण चूक सैन्याची नव्हती. तो पट्टा दुसऱ्या महायुद्धापासून सरकारी वापराचा होता. रिमोट तेथे पाहुणे होते. आपल्या रिमोटच्या मागे किंवा पुस्तिकेत बारीक अक्षरांत जो मजकूर असतो, त्याचा मथितार्थ हाच : हे उपकरण कोणाला उपद्रव देणार नाही, आणि इतरांकडून उपद्रव झाला तर तो सोसेल. या नियमाला एफसीसीचा भाग १५ म्हणतात. अर्थात येथे तक्रार करून सैन्य गप्प बसत नाही. उपाय म्हणजे दुसऱ्या लहरीवरचा रिमोट आणि रिसीव्हर घेणे. एका मोठ्या कंपनीने २००५ च्या सुमाराला ३९० सोडून ३१५ धरले, आणि पुढच्या तिच्या यंत्रांत एकाच वेळी अनेक लहरींवर बोलण्याची सोय आली.

पण हवा बिघडवायला सैन्यच लागते असे नाही. २०१९ च्या वसंतात ओहायोतल्या क्लीव्हलँडजवळच्या नॉर्थ ओल्मस्टेड गावात एका मोहल्ल्यातली गराजची दारे आणि मोटारींच्या बिनतारी किल्ल्या एकदम बंद पडल्या. काही आठवडे हे चालले. तर्कांना ऊत आला. जवळच्या नासाच्या संशोधन केंद्राकडेही काहींनी बोट दाखवले. वीज कंपनीने जेथे गोंगाट जास्त तेथली वीज बंद करून पाहिली, तरी गोंगाट थांबेना. शेवटी गावचा एक नगरसेवक आणि त्याचे सोबती लहर मोजत घरोघर फिरले. एका घरात, हौसेने इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या एका गृहस्थाने तळघरात काम करताना वर कोणी आले तर कळावे म्हणून घरच्या घरी एक उपकरण बनवले होते. ते ३१५ मेगाहर्ट्झवर अखंड बोलत होते, आणि बॅटरीवर चालत असल्याने वीज बंद केल्याचा त्याला पत्ताच नव्हता. आपल्यामुळे शेजाऱ्यांची दारे अडली आहेत हे त्या माणसाला ठाऊक नव्हते. बॅटरी काढली आणि सारा मोहल्ला सुटला. गावाने त्याचे नाव जाहीर केले नाही, हे आम्हाला त्या शोधाइतकेच शहाणपणाचे वाटते.

म्हणून हवेचा संशय आला की पहिली पायरी शेजाऱ्याचे दार ठोठावण्याची. किती घरांत त्रास आहे, कोणत्या वेळी आहे, कोणत्या बाजूला जास्त आहे हे दोन दिवस टिपून ठेवावे. गोंगाटाचा उगम त्या टिपणाच्या मध्याशी असतो. गावात हौशी बिनतारीवाल्यांचे मंडळ असेल तर त्यांना कळवावे. दिशा दाखवणारे एरियल घेऊन लहरीचा माग काढणे हा त्यांचा आवडीचा खेळ आहे. घरातल्या मुलाला संगणकाला जोडण्याचा छोटा रेडिओ-रिसीव्हर आणून दिला तर तोही रिमोटची लहर आणि तिच्यावर पडलेला गोंगाट पडद्यावर दाखवू शकेल. इंजिनियर बापाला आणि शाळकरी मुलाला एकत्र बसवणारी इतकी चांगली तक्रार दुसरी नाही.

दार अडले तर माणूस अडू नये

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. निदान होईल तेव्हा होईल. तोवर घरातले कोणी आत किंवा बाहेर अडकता कामा नये. मोटारीच्या रुळावरून एक लाल दोरी लोंबत असते. दार मिटलेले असताना ती ओढली की दार मोटारीपासून सुटते आणि हाताने वर नेता येते. आपण कामावर आणि आईवडील घरी, अशा घरात ही दोरी त्यांना पहिल्याच आठवड्यात दाखवावी, एकदा त्यांच्या हातून ओढवून घ्यावी. दार वर असताना मात्र ती ओढू नये. स्प्रिंग तुटलेली असेल तर दीड-दोनशे पौंडांचे दार कोसळते. आणि दाराच्या वरची जाड, पिळलेली स्प्रिंग दिसायला निरुपद्रवी असली तरी तिच्यात दाराचे सगळे वजन उचलण्याचे बळ दाबून भरलेले असते. तिच्या बोल्टला पाना लावू नये. ते काम कारागिराचेच, आणि त्यासाठी दिलेले पैसे वाया गेलेले नसतात.

मोटारीच्या बिनतारी किल्लीलाही हेच लागू. तिचा सेल संपला तर घाबरू नये. बहुतेक किल्ल्यांच्या पोटात दार उघडण्यापुरती एक लोखंडी किल्ली दडवलेली असते, आणि बटणाने सुरू होणाऱ्या पुष्कळ मोटारी, मेलेली किल्ली सुरू करण्याच्या बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवली, की तिला ओळखतात. हे बर्फात उभे राहून शोधण्यापेक्षा आजच्या रविवारी घरी बसून पाहावे.

तेव्हा पुढच्या वेळी दार ऐकेनासे झाले, तर फोनला हात घालण्याआधी पाच प्रश्न ओळीने विचारावेत. भिंतीवरच्या बटणाने चालते का? एकच रिमोट बंद आहे की सगळे? जवळून ऐकते आणि लांबून नाही, असे आहे का? दिवा विझल्यावर ऐकते का? शेजाऱ्याचे ऐकते का? एवढ्याने बहुतेक दारे उघडतील. ज्यांचे उघडणार नाही, त्यांना निदान कारागिराला 'दार बिघडले' असे न सांगता काय बिघडलेले नाही हे सांगता येईल. आणि जे बिघडलेले नाही त्याचे पैसे कोणी मागत नाही.